‘येते’ म्हणाले, तिथंच चुकलं

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. वर्गात कुणी मनगटाला काळा दोरा बांधून आलं, तर धडा बाजूला ठेवून आधी त्या दोऱ्यावर बोलते. त्यामुळे हे वाचून माझ्या शाळेतली मंडळी हसणार... हसा बापांनो, खुशाल हसा. पण गेल्या जूनमध्ये माझ्या बहिणीच्या उंबऱ्यावर जे झालं, त्यानंतर मला गप्प बसवेना. सोळा वर्षं तोंड मिटून होते, आता पुरे.

आमचं घर बौद्ध. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते पोस्टमन, सायकलवर आजूबाजूची पाच गावं फिरायचे. बावीस प्रतिज्ञा त्यांना पाठ होत्या, आणि नुसत्या पाठ नव्हत्या. गावाबाहेरच्या एका चिंचेवर काहीतरी आहे म्हणून लोक वाट वाकडी करून जायचे, तर दादांनी नेमकी अमावास्या बघून त्याच चिंचेखाली सायकल लावली आणि डबा खाल्ला. "भूक असती तर आलं असतं की खाली," म्हणे. घरात लिंबू-मिरची नाही, नजर काढणं नाही. मांजर आडवं गेलं तर दादा मुद्दाम थांबून त्याला बिस्कीट टाकायचे.

फक्त एक गोष्ट राहून गेली होती. घरातून निघताना "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं. चुकून कुणाच्या तोंडून "जाते" निघालं, की माय आतून ओरडायची, "जाते काय म्हनतीस, कार्टे? येते म्हन!" दादासुद्धा रोज सकाळी पत्रांची थैली खांद्याला लावून "येतो गं" म्हणूनच निघायचे. सगळ्या अंधश्रद्धा आम्ही उंबऱ्याबाहेर घातल्या आणि ही तेवढी आत राहिली, कारण ही पण त्यातलीच आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आमच्या लेखी ती बोलायची रीत होती, दुसरं काय!

साल त्र्याण्णव, मे महिना. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आमचं सगळं परभणीत. आखाडा बाळापूरहून वारंगा फाट्याकडं निघालं, की सहा किलोमीटरवर डाव्या हाताला आमचं गाव. नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. बारावीची परीक्षा देऊन मी निकालाची वाट बघत होते. माझी थोरली बहीण, आक्का, चार महिन्यांच्या यशूला घेऊन माहेरी आली होती. आक्काचं पहिलं लेकरू नवव्या दिवशी गेलं होतं. त्यानंतर पाच वर्षांनी ही यशू. त्यामुळे आक्का तिला क्षणभर खाली ठेवायची नाही. झोपेतसुद्धा तिच्या छातीवर हात ठेवून बसायची, श्वास लागतो का बघायला. तिच्या हातून लेकरू घ्यायचं म्हणजे वाघाच्या तोंडातून घास काढायचा!

मी घरात माशा मारत बसले होते म्हणून मायनं मला शिवणाच्या क्लासला घातलं. बाळापुरात बाजाराच्या मागच्या गल्लीत रशिदाखाला राहायच्या. साठीच्या, एकट्या, डोळ्याला जाड चष्मा. समोरच्या खोलीत चार मशिनी आणि आम्ही सहा पोरी. सकाळी आठ ते बारा क्लास. बारा वाजले की खाला सगळ्यांना हाकलायच्या, "चलो चलो, घरकू!" पण माझ्या गावाकडची जीप दोनला मिळायची. म्हणून मला तेवढी समोर बसून डबा खायची मुभा होती. एकच अट, मागच्या अंगणात जायचं नाही. का ते सांगितलं नव्हतं. मागं एक बुजत आलेली बावडी, म्हणजे जुनी विहीर होती, तेव्हा मला वाटलं त्यासाठीच म्हणत असतील.

पहिला प्रकार शनिवारी झाला. खाला नमाज पढून आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. समोरच्या मडक्यातलं पाणी संपलं होतं आणि रांजण मागच्या अंगणात. म्हटलं, तांब्याभर पाणी घ्यायला काय होतंय... आणि गेले.

अंगणात भिंतीच्या सावलीला एक जुनं हातमशीन होतं. एरवी त्याच्यावर कायम पांढरं फडकं असायचं, दारातून मी बघितलं होतं. आज फडकं बाजूला होतं आणि माझ्याच वयाची एक पोरगी मशीन चालवत बसली होती.

"पानी पीने आयी?" तिनं विचारलं.

"व्हय. तू कोण? नवी आलीस का क्लासला?"

"नै. इध्रीच रहती मैं. नन्नी बोलते मेरेकू."

ती दखनी बोलत होती, मी मराठी. बाळापुरात यात नवल काहीच नाही, बाजारात सगळे असंच बोलतात. मला खटकलं ते वेगळंच. ती मशीनचं चाक उलटं फिरवत होती. ज्यांनी कधी मशीन चालवलं असेल त्यांना ठाऊक आहे, चाक उलटं फिरलं की दोरा गुंततो आणि तुटतो. पहिल्या दिवशी खाला हेच शिकवतात. हिचा दोरा काही तुटत नव्हता, टीप सरळ रेषेत चालली होती.

"आगं, गुंतंल ना दोरा!"

"नै गुंतता," ती हसली. "तुमारा दिखाव, क्या सिये?"

मी माझं वेडंवाकडं काज दाखवलं. तिनं माझा हात धरून सुई कशी धरायची ते दाखवलं. तिचा हात इतका गरम होता... तव्यावरनं नुकती उतरवलेली भाकर हातात घ्यावी तसा.

"ताप हाय का गं तुला?"

"हमारे सब ऐसेच," म्हणाली आणि पुन्हा हसली. मनमोकळी पोरगी होती. मला आवडली, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात आतून खालांच्या खोकल्याचा आवाज आला. अंगणात सापडले तर शिव्या खाव्या लागतील म्हणून मी घाईनं उठले. उठता उठता सवयीनं म्हणाले, "बरं, येते हं."

तिचा चेहरा एकदम फुलला. "सच्ची? आती?"

"व्हय गं, येते."

एवढंच बोलणं. यात काय चुकलं, सांगा बरं! तुमच्या घरात दिवसातून दहा वेळा हेच बोलतात.

दुसरा दिवस रविवार, क्लासला सुट्टी. दुपारी बाराच्या सुमाराला मी चुलीपुढं बसून पिठलं हलवत होते. गुठळ्या होऊ नयेत म्हणून पळी थांबवत नव्हते. माय माझ्या बाजूलाच भाकरी थापत होती. आक्का दारात यशूला घेऊन बसली होती. मी पळी वर उचलली, चव बघायला...

आणि मी खालांच्या अंगणात उभी होते.

चालले नाही. जीपमध्ये बसले नाही. डोळेसुद्धा मिटले नव्हते. हातात पळी आणि पळीत पिठलं. त्यातनं वाफ निघत होती! सहा किलोमीटर! पळीतला एक थेंब माझ्या पायावर पडला आणि चर्रकन भाजला. तेव्हा कळलं की हे स्वप्न नाही. तो डाग अजून आहे डाव्या पायावर, कुणाला बघायचा असेल तर या हिंगोलीला.

"आ गयी!" नन्नी मशीनवरून उठली. "मैं बोलीच थी, आती."

कसंबसं म्हटलं, "मी... मी इथं कशी आले?"

"तुमीच बोले ना. येते बोले."

मी मोठ्यानं रडायला लागले. ती घाबरली, रांजणातलं पाणी आणून दिलं, फडक्यानं माझ्या हातातली पळी पुसली. तिच्या मनात काही वाईट होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण मला तिथून पळायचं होतं. अनवाणी, परकराला पीठ लागलेलं, हातात पळी, अशी मी दाराकडं धावले आणि धावता धावता माझ्या तोंडून काय निघालं असेल? अहो, जीभ माझी, पण सवय मायनं लावलेली...

"येते!"

ओळखीच्या जीपवाल्यानं घरी सोडलं. दारात माय कपाळाला हात लावून बसली होती. पिठलं जळून कोळसा. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती, "भाकर तव्यावर टाकली न् वर पाह्यलं तर ही न्हाई. भाकर उलटायच्या आत!" आक्का दारातच बसलेली, दारातून कुणी बाहेर पडलं नाही हे तिनं बघितलेलं. दादा आधी हसले, मग हसायचे थांबले. मग म्हणाले, "ऊन लागलंय. एकीला न्हाई, सगळ्या घराला लागलंय. उद्या क्लासला जायाचं न्हाई." ओला टॉवेल आणून माझ्या डोक्यावर ठेवला आणि विषय संपवला.

मला मात्र रात्री झोप लागेना. नन्नीचं ते बोलणं डोक्यात फिरत होतं, तुमीच बोले, येते बोले. सकाळपर्यंत एवढं माझ्या ध्यानात आलं, की परत तिथं जायची वेळ आली तर जीभ दाताखाली धरायची. काही झालं तरी "येते" म्हणायचं नाही.

सोमवारी दुपारी आक्काला यशूची दुपटी धुवायची होती. मोरी चार पावलांवर. "धर गं दोन मिन्टं," म्हणून तिनं यशूला माझ्या खांद्यावर दिलं. तिनं पाणी ओतल्याचा आवाज मी ऐकला.

पुढचा आवाज मशीनच्या चाकाचा होता. आम्ही दोघी अंगणात होतो. मी आणि यशू.

एकटी होते तोवर ठीक होतं हो! पण हे आक्काचं लेकरू... नन्नी तर आनंदानं वेडी झाली. "ये कौन? इत्ती छोटी! मेरेकू देव ना, देव!" मी घट्ट धरलं होतं, पण यशूच तिच्याकडं झेपावली. परकं माणूस बघितलं की किंचाळणारी पोरगी तिच्या मांडीवर खिदळायला लागली. मशीनचं चाक बघून हात काय हलवत होती, पाय काय झाडत होती...

मी मनात म्हटलं, गोड बोल, लेकरू घे आणि सटक. पाचेक मिनिटं बसले. मग म्हटलं, "आण गं, भुकेजली असंल ती." नन्नीनं मुकाट्यानं दिली. मी उठले. जीभ दाताखाली, अगदी पक्की.

आता मला सांगा, लेकराला कडेवर घेऊन कुणाच्या घरून निघताना आपण काय करतो? मी विचार नाही केला, हाताला जी सवय ती सवय. यशूची इवलीशी मूठ धरून हलवली आणि बोबड्या आवाजात बोलून गेले, "मावशीला टाटा कर. येते म्हन मावशीला... येते हं मावशी, येते!"

"ये आती?" नन्नी टाळ्या पिटत म्हणाली. "अकेली आती?"

मागून धाडकन आवाज आला. दारात खाला उभ्या होत्या, हातातला तांब्या खाली पडला होता. "किसकू बोली?" त्या ओरडल्या. "सुजाता, किसकू बोली तू?" मी बोट दाखवलं तर मशीनवर पांढरं फडकं होतं आणि शेजारी कुणीच नव्हतं.

मी सगळं सांगितलं. खाला ओट्यावर बसल्या, चष्मा काढला, डोळे पुसले. "गलती मेरीच है. तेरेकू पहलेच बोलना था. पर तेरे अब्बा हँसते करके चुप बैठी." मग हळू आवाजात म्हणाल्या, "जिन्नात है ये. मेरी सास के जमानेसे इध्रीच है. हम अंगणमें गरम पानी डालते तो बी पहले बिस्मिल्ला बोलते, उनके बच्चे जलना नै करके. बुरे लोगां नै है वो. खाली एक बात है, जबान दिये तो दिये. तुमे लोगां जाते वक्त 'येते' बोलते, हमना मालूम है. उनकू नै मालूम."

"मग आता?"

"तेरा तो छूट गया, तू आज नै बोली. पर इस बच्चीका..." त्यांनी यशूकडं बघितलं. "कल दोपहरके पहले इसकू लेके आ. सामने खडी रहके साफ बोल. जाते. जिसने बोली उसीच ने बोलना."

घरी पोचले तेव्हा आक्का रस्त्यावर धावत येत होती, डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही. यशूला माझ्याकडून हिसकावलं आणि मी काय सांगते ते ऐकल्यावर माझ्याकडं असं बघितलं, की तसं परत कधी कुणी बघू नये.

"मह्या लेकराच्या नावानं 'जाते' म्हनतीस? व्हय गं सुजे? पहिल्याला दवाखान्यात नेताना सासूच्या तोंडून निघालं व्हतं, जातो आमी. काय झालं ठाव हाय ना तुला? काय घेऊन आले मी घरी?"

"आक्का, पण खाला म्हनल्या..."

"मला न्हाई ऐकायचं! जीभ हासडून ठिवीन!"

दादा मध्ये पडले. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होते, त्या दिवशी त्यांचा आवाज वेगळा होता. "कुनी कुठं जायाचं न्हाई. जाते बी न्हाई न् येते बी न्हाई. उद्या लेकरू मह्या मांडीवर बसंल. पाहू कोन नेतंय ते."

मंगळवारी दादांनी सुट्टी टाकली. साडेअकरापासून ओसरीतल्या बाजेवर यशूला मांडीवर घेऊन बसले, दोन्ही हातांचा वेढा घालून. मनगटावरचं घड्याळ त्यांना दिसेल असं फिरवून घेतलं. आक्का एका बाजूला, तिच्या मुठीत दुपट्याचं टोक. मी दुसऱ्या बाजूला, माझ्या मुठीत यशूचा पाय. माय दारात आडवी बसलेली. ऊन असं की बाहेर बघवत नव्हतं. यशू दादांच्या शर्टाचं बटण चोखत होती.

बारा वाजून काही मिनिटं झाली असतील. माझी मूठ मिटली.

पाय निसटला नाही हो. निसटला असता तर कळलं असतं. मूठ नुसतीच मिटली, बोटं तळव्याला लागली. दुपटं दादांच्या मांडीवर चपटं पडलं. दादांच्या हातांचा वेढा तसाच गोल होता आणि त्यात काही नव्हतं. शर्टाचं बटण अजून ओलं होतं. दादा त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिले. चिंचेखाली डबा खाणारा माझा बाप, पण तो हातांचा वेढा काही सोडेना. आक्का ओरडली नाही. तिनं फक्त ते दुपटं उचलून झटकलं, लेकरू त्यात कुठं अडकलंय का बघायला. तिनं ते तीनदा झटकलं.

मी तिला हाताला धरून ओढलं. रस्त्यावर हळदीची पोती भरलेला एक टेम्पो चालला होता, त्याला आडवे झालो. दादा, आक्का आणि मी. सहा किलोमीटर आक्का ते दुपटं मुठीत धरून होती.

खाला दारातच उभ्या होत्या, ओठ हलत होते. त्यांनी नुसतं आत बोट दाखवलं.

मला काय दिसलं ते सांगते आणि दादांना, आक्काला काय दिसलं तेही सांगते, कारण ते वेगळं होतं. मला दिसलं, नन्नी मशीनपाशी बसलीय आणि यशू तिच्या मांडीवर आहे. त्या दोघांना नन्नी दिसलीच नाही. त्यांना दिसलं की यशू जमिनीपासून हातभर उंच, अधांतरी पडलीय, खाली काहीच नाही, आणि ती हसतेय. शेजारी मशीनचं चाक आपोआप उलटं फिरतंय. दादांनी भिंतीला हात टेकला आणि खाली बसले.

"नन्नी," मी म्हटलं. "नन्नी, जाते आमी."

"कहाँ?"

"घरी."

"फिर कब आते?"

बघा, इथं माझी परीक्षा होती! सगळं अंग मला सांगत होतं, म्हण, येईन गं कधीतरी. एवढ्या लाघवी पोरीला तोंडावर नाही कसं म्हणायचं? आपल्यात असं कुणी म्हणत नाही. "न्हाई येत," मी म्हटलं. "मी जाते. यशू बी जाते. परत न्हाई येनार."

आक्काच्या तोंडून तेव्हा आवाज फुटला. "नको गं! नको म्हनू!" करत ती माझ्या पाठीत दोन्ही हातांनी मारायला लागली. मी मार खात तेच म्हणत राहिले. यशू जाते. यशू जाते.

नन्नीचे डोळे भरून आले. तिनं यशूला उचलून माझ्या हातात दिलं, अगदी जपून, मानेखाली हात धरून. मग म्हणाली, "तुमी जाते बोले, ठीक है. पर इसने तो बोली थी... आती."

"तिनं न्हाई गं! मी बोलले, तिच्या वतीनं."

तिला ते कळलंच नाही. एकाचं बोलणं दुसऱ्यानं कसं बोलायचं, हेच तिला कळेना. चाक थांबलं. फडकं मशीनवर होतं. आक्कानं लेकरू ओढून घेतलं आणि ती तिथंच जमिनीवर बसून तिला पाजायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे यशूभोवती गोल करून बसलो होतो. साडेबारा झाले, एक वाजला. यशू झोपलेली. काही झालं नाही. त्यानंतर कधीच काही झालं नाही. दादा या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी निघताना "येतो" म्हणायचे बंद झाले. थैली उचलायचे आणि मुकाट्यानं सायकलवर बसायचे. वारले तोवर तसंच.

मी डी.एड. केलं, बी.एस्सी. केलं, नोकरीला लागले. पुस्तकं चाळली. उष्माघात, भ्रम, सगळ्या घराला एकदम होणारा भास, सगळं वाचलं. त्यातलं एकही पळीतल्या गरम पिठल्याला लागू पडत नाही. खाला गेल्या. त्यांचं घर पाडून तिथं गोदाम झालं, बावडी बुजवली, ते हातमशीन कुठं गेलं कुणाला माहीत नाही.

यशू मोठी झाली. हुशार, बोलकी, एकदम चांगली पोरगी. एकच खोड. बोलायला लागल्यापासून ती घरातून निघताना "जाते" म्हणायची. आक्का रागावली, समजावलं, दोनदा मारलंसुद्धा. "यशे, येते म्हनावं बाळा." यशू हसायची आणि म्हणायची, "जाते." दर वेळी पोरगी परत येईपर्यंत आक्का दारात बसून राहायची. सोळा वर्षं. त्र्याण्णवची गोष्ट आम्ही यशूला कधी सांगितली नाही. दादा नाहीत, खाला नाहीत, माय जाऊन चार वर्षं झाली. जाणत्या आम्ही दोघीच, आणि दोघींनी एकमेकींपाशीसुद्धा तो विषय कधी काढला नव्हता.

गेल्या जूनमध्ये यशू अकरावीला नांदेडला निघाली, होस्टेलवर. सकाळी दारात जीप उभी. मी सोडायला हिंगोलीहून मुद्दाम आक्काकडं गेले होते. आक्कानं तिचे दोन्ही हात धरले. "लांब चाललीस माय. आज तरी एकदा नीट म्हन. मह्या जिवासाठी म्हन. येते म्हन."

यशूनं आईकडं बघितलं. चिडली नाही, थट्टा केली नाही. समजूत घालावी तशा आवाजात म्हणाली, "आई, 'येते' मी एकीला म्हनून ठिवलंय. आता दोघींना कसं म्हनू?"

जीपवाला हॉर्न वाजवून राहिला होता. यशूनं बॅग उचलली. "बरं, जाते," म्हणाली आणि जाऊन बसली.

ती नांदेडला नीट पोचली. दर रविवारी फोन येतो, अभ्यास चांगला चाललाय. तिला हे कुणी सांगितलं, मला माहीत नाही. विचारायची माझी हिंमत झालेली नाही. पण त्या दिवसापासून आक्का दर दोन-चार दिवसांनी मला फोन करते आणि एकच विचारते, "सुजे, तू तवा बराबर म्हनली व्हतीस ना? जाते म्हनली व्हतीस ना?"

मी "व्हय" म्हणते. दुसरं काय म्हणू?